मदत हवी आहे: आरव्हीने इंडियाना, ओहायो, केंटकी – मायनर लीग बेसबॉल आणि शहरदर्शन

नमस्कार मंडळी,

ऑगस्टच्या पूर्वार्धात आई-बाबांना घेऊन शिकागोहून आरव्हीने (राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीने) निघावे आणि साऊथ बेंड, फोर्ट वेन, डेटन, लुईव्हिल व इंडियानापोलिस असा वळसा घालून परत यावे, असा बेत आहे. एकूण अंतर साडेसातशे मैलांच्या आसपास भरते. दिवसा शहर पाहावे आणि संध्याकाळी तिथल्या मायनर लीग (मोठ्या व्यावसायिक संघांच्या खालच्या पातळीवरील बेसबॉल) संघाचा सामना पाहावा, अशी इच्छा आहे. या भागात आरव्हीने फिरलेल्यांचे किंवा यांपैकी एखाद्या शहरात राहणाऱ्यांचे मार्गदर्शन मिळाल्यास फार उपयोग होईल.

मायनर लीगच निवडण्यामागे बाबा आहेत. त्यांनी सांगलीत अनेक वर्षे क्लब क्रिकेटच्या सामन्यांचे स्कोअरिंग केले आहे आणि इथे आल्यापासून त्यांनी बेसबॉलचे स्कोअरकार्ड लिहायलाही मनापासून सुरुवात केली आहे. पिचरला 1, कॅचरला 2 अशा क्रमाने प्रत्येक जागेला आकडा असतो आणि 6-4-3 एवढे लिहिले की शॉर्टस्टॉपकडून सेकंड बेसमनकडे व तिथून फर्स्ट बेसकडे चेंडू जाऊन दोन फलंदाज बाद झाले हे कळते, याचे त्यांना अतिशय अप्रूप आहे. मोठ्या स्टेडियमच्या वरच्या मजल्यावरून हा खेळ त्यांना नीट दिसत नाही. लहान मैदानात मात्र चेंडू ग्लोव्हमध्ये बसल्याचा आवाजही ऐकू येतो. शिवाय डेटन ड्रॅगन्स आणि लुईव्हिल बॅट्स हे दोन्ही संघ सिनसिनाटी रेड्स या मोठ्या व्यावसायिक संघाच्याच शिडीवरचे आहेत. डेटन हाय-ए म्हणजे मधल्या पातळीवर, तर लुईव्हिल ट्रिपल-ए म्हणजे मुख्य संघाच्या लगेच खालच्या पायरीवर. एकाच प्रवासात या दोन पायऱ्या पाहता याव्यात, म्हणून ही दोन गावे मला कोणत्याही परिस्थितीत गाळायची नाहीत.

मुख्य अडचण गाडीची आहे. आम्ही भाड्याने घेणार आहोत ती क्लास सी (मध्यम आकाराची) गाडी पंचवीस फूट लांब आणि जवळजवळ अकरा फूट उंच आहे, आणि ही पाचही मैदाने शहराच्या मध्यभागी आहेत, जिथे बहुतेक वाहनतळ बहुमजली व कमी उंचीचे असतात. गाडी शहराबाहेरच्या कॅम्पग्राऊंडवर हुकअपला (वीज-पाण्याच्या जोडणीला) लावून टॅक्सीने यावे, की मैदानाजवळ एखादी उघडी जागा मिळू शकते? इंडियानापोलिससाठी मी स्टेट फेअरग्राऊंडच्या कॅम्पग्राऊंडचा विचार करत आहे, कारण ते शहरातच आहे.

दुसरा प्रश्न वेळापत्रकाचा. पाचही संघ आम्ही पोहोचू त्या दिवशी घरच्या मैदानावर असतील असे जुळवण्याची काही पद्धत आहे का? आणि तिसरा आईचा: तिचे गुडघे दुखतात, उन्हात फार वेळ बसवत नाही. तिला खेळापेक्षा गावे पाहण्यात अधिक रस आहे, म्हणून चालणे कमी आणि पाहण्यासारखे जास्त अशी ठिकाणे सुचवावीत.

प्रतिसाद

नमस्कार. मी डेटनजवळ राहतो आणि यांपैकी चार मैदानांवर सामने पाहिले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम वेळापत्रक, कारण बाकी सगळे त्यावर ठरेल. 2021 च्या फेररचनेपासून मायनर लीगमध्ये साधारणपणे एकाच प्रतिस्पर्ध्याशी मंगळवार ते रविवार असे सलग सहा सामने होतात आणि सोमवारी सुट्टी असते. म्हणजे संघ घरी असला तर आठवडाभर घरी असतो. परंतु साऊथ बेंड, फोर्ट वेन आणि डेटन हे तिघेही मिडवेस्ट लीगमध्येच आहेत. त्यांच्यापैकी दोघे एकमेकांशी खेळत असतील तर एक जण नक्कीच बाहेर असणार. पाचही मैदाने एकाच आठवड्यात बसवण्याचा हट्ट धरू नका. पहिल्या आठवड्यात या तिघांपैकी जे घरी असतील ते पाहा, सोमवार प्रवासाला ठेवा आणि दुसऱ्या आठवड्यात लुईव्हिल व इंडियानापोलिस घ्या. तसेच शिकागोहून निघाल्यावर घड्याळ एक तास पुढे जाते, हे पहिल्या दिवशी लक्षात ठेवा.

फेअरग्राऊंडचा विचार मात्र सोडा. ऑगस्टमध्ये तिथे इंडियानाची राज्य जत्रा भरते. गाडीबद्दल माझे स्पष्ट मत असे की ती बाहेर हुकअपला ठेवून टॅक्सीनेच यावे. सामना संपल्यावर गर्दीतून पंचवीस फुटी गाडी काढणे दमवणारे असते आणि विजेची जोडणी असल्यास परत येईपर्यंत एसी चालू राहून गाडी थंड असते.

आईंसाठी डेटनचे हवाई दलाचे संग्रहालय जरूर ठेवा. प्रवेश विनामूल्य आहे, वाहनतळ उघडा व प्रशस्त असल्याने आरव्ही थेट नेता येते, आणि सगळे दालनांच्या आत असल्याने उन्हाचा त्रास नाही. कॅरिलन पार्कमध्ये राईट बंधूंचे 1905 सालचे विमानही आहे. साऊथ बेंडला स्टुडबेकर संग्रहालय आहे, आणि तिथून जवळच एल्कहार्ट येथे आरव्हींचेच एक संग्रहालय आहे. तुम्ही आरव्हीने येत आहात तर ते पाहाच. लुईव्हिलला बॅट बनवण्याचा कारखाना आतून पाहता येतो, बाहेर 120 फूट उंच बॅट उभी आहे. बाबांना तिथून हलवणे कठीण जाईल.

बसण्याबद्दल: बहुतेक मैदाने अशी आखलेली असतात की संध्याकाळी थर्ड बेसच्या बाजूला सावली आधी येते. नव्या मैदानांत ये-जा करण्याची मार्गिका वरच्या रांगांमागे असते, म्हणून शेवटच्या रांगांची तिकिटे घेतल्यास आईंना पायऱ्या कमी उतराव्या लागतील. डेटनची तिकिटे आजच घ्या. या संघाने 2011 मध्ये सलग 815 सामन्यांची सर्व तिकिटे विकून अमेरिकी व्यावसायिक खेळांतील विक्रम मोडला होता, आणि प्रेक्षकांचे प्रेम अजूनही तसेच आहे.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. दोन आठवड्यांची विभागणी बाबांना लगेच पटली आणि ते आता पाचही संघांची वेळापत्रके एका वहीत शेजारी शेजारी उतरवून घेत आहेत. जत्रेचे आधी कळले हे फार बरे झाले. इंडियानापोलिसला शहराबाहेरची जागा शोधतो.

आता लुईव्हिलचा एकच प्रश्न उरतो. नदीवरचा जुना रेल्वेपूल पादचाऱ्यांसाठी खुला आहे आणि तो पलीकडे जेफर्सनव्हिलला उतरतो, असे समजते. आम्ही इंडियानाच्या बाजूला राहिलो, तर आईला त्या पुलाच्या चढापर्यंत व्हीलचेअरवरून नेणे सोयीचे आहे का? तिथे राहणाऱ्या कोणी सांगितल्यास त्याप्रमाणे कॅम्पग्राऊंड ठरवीन.