मदत हवी आहे : अपलोड जेमतेम ४ एमबीपीएस, यूट्यूबवर लाइव्ह गेम जरा स्वच्छ कसा दिसेल?

नमस्कार मंडळी, घणसोलीत राहतो, बिल्डिंगमध्ये एकाच केबलवाल्याची लाइन आहे, सोसायटी दुसऱ्या कुणाला वायर टाकू देत नाही आणि तो विषय एजीएममध्ये काढला की भांडणं होतात, त्यामुळे 'दुसरं कनेक्शन घे' सोडून काहीही सांगा. डाउनलोड झकास आहे, अपलोड मात्र दुपारी ५ एमबीपीएस आणि रात्री दहानंतर ४ च्या आसपास. आणि मी लाइव्ह येतो रात्रीच, दिवसा महापेला ऑफिस असतं.

पीसी बरा आहे, रायझन ५, जीटीएक्स १६६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम. ओबीएसमधून (लाइव्ह पाठवायचं सॉफ्टवेअर) जीटीए ५, मराठी कॉमेंट्रीसकट, १०८०पी ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम). बिटरेट, म्हणजे सेकंदाला पाठवायचा डेटा, ४५०० केबीपीएस ठेवला की ड्रॉप्ड फ्रेम्स (वाटेत गळालेल्या फ्रेम) वाढत जातात आणि बघणाऱ्यांना नुसतं गोल गोल फिरतं. २५०० केला तर ड्रॉप शून्य, पण गाडी उभी आहे तोवर छान, हायवेला लागलो की रस्ता, झाडं, गवत सगळ्याचे चौकोन चौकोन. काल चॅटमध्ये एक जण म्हणाला, दादा चष्मा पुसून बघितलं तरी तेच. मित्र म्हणतो नवीन कार्ड आरटीएक्स ४०६० घे, सगळं सुटेल. खरंच कार्डाने फरक पडेल का? की रिझोल्यूशन कमी करू? की एफपीएस?

ऐरोलीकर : कार्ड राहू दे रे आत्ता. १०८०पी ६० म्हणजे सेकंदाला साधारण १२.४ कोटी पिक्सेल, आणि तू पाठवतोयस २५ लाख बिट, म्हणजे एका पिक्सेलला ०.०२ बिट! वरण तेवढंच आणि पंगत केवढी मोठी बघ. ७२०पी ३० केलंस तर पिक्सेल होतात २.७६ कोटी, म्हणजे ०.०९ च्या जवळ, पळत्या गेमला ०.१ च्या आसपास मिळालं की डोळ्याला बरं दिसतं. गाडी उभी असताना छान दिसतं ते यामुळेच, मागची फ्रेम आणि पुढची फ्रेम सारखीच असते, एन्कोडरला (व्हिडिओ दाबून लहान करणारा भाग) नवीन फारसं काही पाठवावं लागत नाही. ओबीएसच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये बेस (मूळ रिझोल्यूशन) १०८० च ठेव, फक्त आउटपुट १२८० बाय ७२० कर, डाउनस्केल फिल्टर लँक्झोस. गेम तुला पहिल्यासारखाच दिसेल.

कळवा_ईस्ट : ७२०पी ला हो, पण ३० एफपीएस ला माझा विरोध आहे, ड्रायव्हिंग बघायला मजाच नाही येत. आधी एचईव्हीसी (नेहमीच्या एच२६४ पेक्षा नवा व्हिडिओ फॉरमॅट) लाव की! १६६० मध्ये तो एन्कोडर आहे आणि ओबीएस २९.१ पासून यूट्यूबला तो सरळ जातो, तेवढ्याच बिटरेटमध्ये चित्र चांगलं मिळतं. ४०६० मध्ये त्याहून नवा एव्ही१ फॉरमॅट येतो हे खरं, पण हातातलं फुकटचं वापरून तर बघ. ट्विचवर गेलास तर मात्र एच२६४ च धर. रेट कंट्रोल सीबीआर (बिटरेट कायम एकसारखा), कीफ्रेम (पूर्ण चित्राची फ्रेम) दर २ सेकंदांनी, प्रीसेट पी६, ऑडिओ १२८. आणि जीटीएमध्ये ग्रास क्वालिटी नॉर्मल कर, ते हलणारं गवतच सगळे बिट खातं.

धागाकर्ता : भारीच. पण मग बिटरेट किती ठेवू? ४ मिळतंय तर ३८०० चालेल ना?

ऐरोलीकर : नाही, स्पीड टेस्ट दोन मिनिटांचा खेळ असतो, लाइव्ह दोन तास चालतं. पाऊण भाग धर, २८०० ते ३०००. ॲडव्हान्स्डमध्ये बिटरेट आपोआप कमी करायचा ऑप्शन आहे तोही ऑन कर, लाइन बसली की चित्र थोडं खराब होईल पण स्ट्रीम तुटणार नाही.

नेरुळ_सेक्टर : वायफायवर आहेस का? असशील तर आधी लॅन केबल ओढ, दाराखालून गेली तरी चालेल. आणि घरातल्यांच्या फोनचं फोटो बॅकअप रात्रीच चालतं, चार्जिंगला लावला की सुरू, ते आख्खं अपलोड गिळतं. ओबीएसच्या स्टॅट्समध्ये नेटवर्कमुळे ड्रॉप आणि एन्कोडिंग लॅगमुळे स्किप असे वेगवेगळे आकडे दिसतात, दुसरा वाढत असेल तर दोष लाइनचा नाही, कार्डावर लोड आलाय, गेमचा एफपीएस ६० ला बांध.

धागाकर्ता : वायफायच आहे, राउटर हॉलमध्ये, मी आतल्या खोलीत. आईच्या फोनचं बॅकअप आत्ताच बंद केलं, विचारतेय का केलंस. शनिवारी अनलिस्टेड (फक्त लिंक असलेल्यांना दिसणारी) स्ट्रीम टाकून ७२०पी ६० एचईव्हीसी आणि ७२०पी ३० दोन्ही लावतो, लिंक इथेच देतो, कोणतं बरं दिसतंय ते मोबाईलवर बघून सांगा, माझे प्रेक्षक बहुतेक मोबाईलवालेच आहेत.