दिवसा बाईकचा हेडलाइट लुकलुकता ठेवणारा मॉड्युलेटर: नाशिकच्या ट्रॅफिकमध्ये उपयोग आहे का?

पाथर्डीकर_१२५
रोजचा रस्ता पाथर्डी फाटा ते अंबड एमआयडीसी. बाईक १२५ सीसी, २०१९ चं मॉडेल, ३५/३५ वॅटचा हॅलोजन. सर्व्हिस रोडवरून वळणारे पिकअप आणि रिक्षा समोरून येणारी बाईक जमेतच धरत नाहीत. अमेरिकेत दिवसा हेडलाइट लुकलुकवणारा मॉड्युलेटर बाईकला लावतात. माझ्या बाईकवर तो चालेल का? कायद्यात बसतो का? आणि नसेल लावायचा तर दुसरं काय करावं?

वायरिंग_वाला_सातपूर
आधी तो करतो काय, ते बघा. लाइट पूर्ण बंद-चालू होत नाही, तो मंद आणि प्रखर होत राहतो. अमेरिकेच्या नियमात मिनिटाला २४० वेळा (४० कमी-जास्त चालतं), प्रत्येक फेरीचा ५० ते ७० टक्के वेळ पूर्ण प्रकाश, आणि मंद झाला तरी १७ टक्क्यांच्या खाली जायचं नाही. अपर किंवा डिपर यांपैकी एकच लुकलुकवायचा. सोबत उजेडाचा सेन्सर सक्तीचा, म्हणजे अंधार पडला की लाइट आपोआप स्थिर होतो. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त 'फ्लॅशर'मध्ये यातलं बहुतेक काहीच नसतं. ते लाइट सरळ तोडतात आणि रात्रीही तोडत राहतात.

तुमच्या बाईकवर चालेल का, हे हेडलाइटला डीसी येतो की एसी यावर आहे. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून होल्डरच्या मागे, बल्ब चालू असताना मोजा. १२ ते १४ च्या आसपास स्थिर आकडा आला तर बॅटरीवरचा डीसी. डीसीवर धड आकडा येत नसेल, एसी रेंजवर येत असेल आणि रेस वाढवली की प्रकाशही वाढत असेल, तर लाइट थेट स्टेटरवर (इंजिनातली वीज तयार करणारी कॉइल) आहे. त्यावर डीसीसाठी बनवलेला मॉड्युलेटर नीट चालणार नाही. कंपनीच्या एलईडी हेडलाइटवर तर लावूच नका. त्याच्या आत स्वतःचा ड्रायव्हर (करंट सांभाळणारं सर्किट) असतो, बाहेरून सप्लाय तोडत राहिलात तर तो बिघडतो.

एमएच१५_नियम
कायद्याचं बोलायचं तर अमेरिकेची परवानगी इथे लागू होत नाही. आपल्याकडे लुकलुकता दिवा म्हटलं की इंडिकेटर आणि अ‍ॅम्ब्युलन्स-अग्निशमनसारख्या गाड्या. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधन आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटीवर वाद होतो तो वेगळाच.

पण माझ्या मते मोठी अडचण कायद्यापलीकडची आहे. आपल्या रस्त्यावर अपर-डिपर मारण्याचा अर्थ आधीच ठरलेला आहे: 'मी येतोय, बाजूला हो.' सेकंदाला चार वेळा लाइट मारणारी बाईक आरशात दिसली की पुढच्याला वाटतं, हा साइड मागतोय. द्वारका किंवा मुंबई नाक्यासारख्या चौकात कोणी घाबरून ब्रेक मारेल, कोणी चिडून मुद्दाम आडवा येईल. पादचाऱ्यालाही नक्की काय सांगताय ते कळणार नाही. आणि खरंच डिपर द्यायची वेळ येईल तेव्हा तुमच्याकडे वेगळा इशारा उरणार नाही. १ एप्रिल २०१७ पासून सगळ्या नव्या दुचाकींचा लाइट कायम चालू असतो. म्हणून एकटा लाइट आता वेगळा उठून दिसत नाही, हे मात्र खरं.

गंगापूररोड_टूरर
वळणाऱ्या ड्रायव्हरची चूक दोन प्रकारची असते. एक म्हणजे बाईक दिसतच नाही. दुसरी, दिसते पण अंतर आणि वेग चुकतो. समोरून येणाऱ्या वस्तूचा वेग डोळा तिचा आकार किती झपाट्याने वाढतोय यावरून ठरवतो. एका लाइटचा ठिपका बराच वेळ तेवढाच दिसतो. लुकलुकवल्याने ठिपक्याकडे लक्ष जाईल, वेगाचा अंदाज सुधारणार नाही. म्हणून त्रिकोण करा: वर हेडलाइट, खाली लेग गार्डच्या दोन्ही टोकांना शक्य तितके दूर एकेक छोटा स्थिर एलईडी. बाईक जवळ येते तसा खालच्या दोन दिव्यांमधलं अंतर वाढताना दिसतं, आणि वेग त्यातून कळतो.

प्रत्येकी १० वॅट पुरे, रंग पांढरा किंवा पिवळा. दोन मिळून २० वॅट, म्हणजे साधारण १.७ अँपिअर. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत ३ अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या (किल्लीच्या सप्लायवर चालू-बंद होणारा स्विच) ३० नंबरच्या टोकाला. ८७ मधून लाइट, ८५ अर्थला, ८६ ला किल्ली चालू केल्यावर सप्लाय येणारी वायर (टेललाइटची चालते). रिले गाळला तर किल्ली काढूनही लाइट चालू राहून बॅटरी बसण्याचा धोका. बिघाड बहुधा हँडलच्या गळ्यापाशी होतो: वायर ताणून बांधली की हँडल वळवताना आतून तुटते. तिथे थोडी ढील सोडा, जोड सोल्डर करून हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवा. शेवटी मधल्या रेसला बॅटरीवर १३.५ व्होल्टच्या वर येतंय ना, ते बघा.

वायरिंग_वाला_सातपूर
त्याआधी आहे तो हेडलाइट सरळ करून घ्या, बिनपैशाचं काम आहे. हवा बरोबर भरा, कोणाला तरी सीटवर बसवा, भिंतीपासून ५ मीटरवर सपाट जागी बाईक उभी करा. हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खुणेने मांडा. डिपरची वरची कड त्या खुणेच्या साधारण ५ सेंटिमीटर खाली यायला हवी. मागे माणूस बसला की लाइट वर उचलला जातो, नेहमी डबलसीट असाल तर तशीच सेटिंग करा.

३५ च्या जागी ६०/५५ चा बल्ब घालू नका, होल्डर वितळतो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये स्वस्त एलईडी बल्बही नको. प्रकाश विखुरतो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि बाईक कुठे आहे हेच त्याला दिसेनासं होतं.

पाथर्डीकर_१२५
मॉड्युलेटर रद्द. पावसात कसारा घाटात बरेच जण चारही इंडिकेटर चालू ठेवून चालवतात, ते तरी बरोबर का?

गंगापूररोड_टूरर
नाही. चारही चालू असताना तुम्ही कुठे वळणार ते कोणाला कळत नाही. शेजारच्या ट्रकमुळे एक बाजू झाकली गेली तर उरलेला इंडिकेटर वळण्याचा इशाराच वाटतो. हॅझर्ड बंद पडलेल्या, उभ्या गाडीसाठी. पावसासाठी मागे लाल आणि दोन्ही बाजूंना पिवळी रिफ्लेक्टिव्ह टेप लावा, एआयएस ०९० (अशा टेपचं भारतीय मानक) छापलेली घ्या. चिकटवण्याआधी जागा स्पिरिटने पुसा, नाहीतर पहिल्याच धुण्यात कडा सुटतात. आणि सर्व्हिस रोडच्या तोंडाशी पुढच्या ट्रकच्या आडोशाला राहू नका. वळणाऱ्याला तुमचा हेडलाइट थेट दिसेल इतके बाजूला किंवा मागे राहा.