रूबेन सँडविचमध्ये कोलस्लॉ? मग त्याला रूबेन म्हणू नका

हडसनकाठ

गेल्या रविवारी मुलीला कॉलेजच्या वसतिगृहात सोडून परत येताना हायवेलगतच्या एका डायनरमध्ये थांबलो. मेन्यूवर 'क्लासिक रूबेन' दिसलं आणि पुढचं काही न वाचता तेच मागवलं. समोर आलं ते असं: भाजलेला पांढरा ब्रेड, आत टर्कीचे गार काप, त्यावर गोडसर कोलस्लॉ, म्हणजे मेयोनेजमध्ये कालवलेला चिरलेला कोबी, आणि थाउजंड आयलंड ड्रेसिंग. चीज होतं, पण पिवळं अमेरिकन. विचारलं तर वाढणारी मुलगी नम्रपणे म्हणाली, आमच्याकडे रूबेन असंच करतात. तिच्यावर राग नाही. पण 'क्लासिक' हा शब्द तिथे लिहिणं मला पटत नाही, म्हणून हा धागा.

रूबेन म्हणजे राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य) ब्रेड, कॉर्न्ड बीफ, स्विस चीज, सॉवरक्राउट आणि रशियन ड्रेसिंग, आणि हे सगळं लोण्यावर भाजलेलं. यातलं काहीच शोभेला नाही. कॉर्न्ड बीफमधला 'कॉर्न' म्हणजे मका नव्हे, मिठाचा खडा. ब्रिस्केट, म्हणजे छातीकडचं मांस, मिठाच्या पाण्यात कित्येक दिवस मुरवतात आणि मग मंद आचेवर शिजवतात. ते खारट असतं, चरबीदार असतं. त्या चरबीला उतारा हवा, तो सॉवरक्राउट देतो. चिरलेला कोबी आणि मीठ, बस्स. व्हिनेगरचा थेंब नाही, कोबी स्वतःच्याच पाण्यात आंबतो. त्याच्या जागी मेयोनेजमधला कोबी घातला की चरबीवर चरबी चढते आणि चौथ्या घासाला तोंड मिटतं.

राय ब्रेडमध्ये कॅरवेचे दाणे असतात. चावल्यावर आपल्या शहाजिऱ्यासारखा वास येतो, आणि खारट मांसाशी त्याचं जे जमतं ते पांढऱ्या ब्रेडचं जमत नाही. स्विस चीज वितळून ब्रेडला चिकटतं आणि मधला ओलावा ब्रेडपर्यंत पोचू देत नाही. रशियन ड्रेसिंगमध्ये हॉर्सरॅडिश या तिखट मुळाचा नाकात जाणारा झणका असतो. थाउजंड आयलंडमध्ये त्या जागी गोड लोणच्याचे तुकडे.

एक काढलं की बाकीचे चार लंगडतात. तुम्हाला काय वाटतं?

मिरीदाणा

शंभर टक्के सहमत. पांढऱ्या ब्रेडवर रूबेन म्हणजे पहिल्या दोन मिनिटांत लगदा.

ऐसपैस

हडसनकाठ, तुमचं दुःख समजतं, पण तुम्ही चुकीच्या सँडविचसाठी भांडताय. डेली म्हणजे मुरवलेल्या मांसाची आणि सँडविचची दुकानं, आणि तिथलं क्लासिक सँडविच एकच: राय ब्रेडवर गरम पास्त्रामी, म्हणजे मसाला लावून धुरावलेलं मांस, आणि मोहरी. संपलं. रूबेन डेलीच्या मूळ रीतीत बसतच नाही, कारण त्यात मांसाबरोबर चीज आहे. न्यूयॉर्कच्या डेली ज्यू स्थलांतरितांनी घडवल्या, आणि कोशर, म्हणजे ज्यूंच्या आहाराच्या धार्मिक नियमांत, मांस आणि दूध एका ताटात चालत नाही. तुमच्या पाच घटकांतलं एक चीज काढलं तर तुमच्याच हिशेबाने सगळं लंगडतं. मग ज्या परंपरेत ते चीज मुळात निषिद्ध, त्या परंपरेचं हे सँडविच कसं?

पास्त्रामीचा प्रवास बघा. रोमानियातली पास्त्रामा, तिच्या मागे तुर्कांची पास्तिर्मा. रोमानियातल्या ज्यूंकडे ती बहुतेक हंसाच्या मांसाची असे. अमेरिकेत गाईचं मांस स्वस्त मिळालं, तेव्हा नेव्हल म्हणजे पोटाकडचा चरबीदार भाग वापरात आला. आधी मिठाच्या पाण्यात मुरवायचं, मग धणे आणि काळी मिरी भरड कुटून वरून थापायची, मग धूर द्यायचा आणि शेवटी वाफ. धणे-मिरीचा तो थर आपल्या जिभेला लगेच ओळखीचा वाटतो. एवढी मेहनत घेतलेल्या मांसावर ड्रेसिंग ओतायचं कशाला? मोहरी पुरे. तीही डेलीतली तपकिरी, दाण्यांसकट वाटलेली. बशीत बाजूला अर्धकच्ची आंबवलेली काकडी.

न्यूयॉर्कच्या काट्झ डेलीत गेलात तर कापणाऱ्यासमोर उभे राहा. तो हाताने काप काढतो आणि आधी एक तुकडा बशीत चाखायला देतो. त्या तुकड्यावर काहीच नसतं आणि काही लागतही नाही.

हडसनकाठ

ऐसपैस, काट्झचं नाव तुम्हीच काढलंत ते बरं झालं. १८८८ पासूनचं दुकान, हाउस्टन स्ट्रीटवर, आणि त्याच काउंटरवर रूबेनही मिळतं. काट्झ कोशर नाही, कोशर वळणाचं आहे. न्यूयॉर्कच्या कितीतरी जुन्या डेली अशाच. ज्यांना नियम पाळायचेत त्यांच्यासाठी सेकंड ॲव्हेन्यू डेलीसारखी कोशर दुकानं १९५४ पासून आहेतच. परंपरा म्हणजे फक्त नियम पाळणाऱ्यांची, असं मी मानत नाही. नियम सैल केलेल्या मुलानातवंडांचीही ती आहे.

पास्त्रामी आणि मोहरीबद्दल मात्र एक शब्द बोलणार नाही. पास्त्रामीवर मेयोनेज मागणाऱ्याशी मीही भांडेन.

शुभदा ओमाहाकर

मी गेली अकरा वर्षं नेब्रास्का राज्यातल्या ओमाहात राहते, त्यामुळे न्यूयॉर्कवाल्यांचं हे सगळं वाचून गप्प बसवेना. रूबेन आमच्या गावचं आहे. १९२०च्या दशकात इथल्या ब्लॅकस्टोन हॉटेलमध्ये पत्ते खेळायला जमणाऱ्या मंडळींत रूबेन कुलाकॉफ्स्की नावाचे किराणा व्यापारी होते. खेळताना खायला म्हणून त्यांच्या सांगण्यावरून हे सँडविच झालं आणि हॉटेलच्या मेन्यूत गेलं. पुढे १९५६ साली त्याच हॉटेलात काम केलेल्या फर्न स्नायडर यांनी ते राष्ट्रीय सँडविच स्पर्धेत पाठवलं आणि पहिलं बक्षीस मिळवलं. देशभर नाव झालं ते तेव्हापासून. वाढपीण म्हणून काम करणाऱ्या बाईने हे केलं, याचा मला फार आनंद होतो.

न्यूयॉर्कचा दावा आहे अर्नोल्ड रूबेन यांच्या रेस्टॉरंटचा. १९१४ साली भुकेल्या एका नटीसाठी त्यांनी 'रूबेन स्पेशल' बनवलं, असं त्यांच्या मुलीने सांगितलेलं आहे. आता त्या स्पेशलमध्ये काय होतं ते ऐका: व्हर्जिनिया हॅम, भाजलेली टर्की, स्विस चीज, रशियन ड्रेसिंग आणि कोलस्लॉ. हो, कोलस्लॉच! कॉर्न्ड बीफ नाही, सॉवरक्राउट नाही, आणि सँडविच भाजलेलंही नाही.

म्हणजे हडसनकाठ, न्यूयॉर्कचा दावा खरा मानला तर तुमच्या डायनरने तुम्हाला जे दिलं ते तुमच्या रूबेनपेक्षा मूळ रूबेनच्या जवळ जातं. टर्की आणि कोलस्लॉ दोन्ही जुळतात. 'मूळ' आणि 'क्लासिक' हे शब्द वापरताना कुठल्या वर्षाला धरून बोलताय ते आधी ठरवा.

मिरीदाणा

शुभदाताई, हे माहीत नव्हतं. वर 'शंभर टक्के' लिहिलं होतं, आता ऐंशी.

हडसनकाठ

शुभदाताई, हॅम आणि कोलस्लॉवालं सँडविच १९१४ मध्ये झालं असेलही. पण ते टिकलं नाही. लोकांनी जे उचललं, घरी केलं, पुन्हा पुन्हा मागितलं ते ओमाहाचं, भाजलेलं, आंबट कोबीचं. क्लासिक म्हणजे पहिलं नव्हे, ठरलेलं. देशभरात कुठेही नाव घेतलं की बनवणाऱ्याच्या आणि खाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट यायला हवी, एवढ्याचसाठी तर नाव असतं. टर्की आणि कोलस्लॉच्या सँडविचला इथे 'रेचेल' असं स्वतंत्र नाव आहे. ते लिहिलं असतं तर मी कौतुकाने खाल्लं असतं.

केतकी_प्रिन्स्टन

मी या धाग्यातल्या सगळ्यांच्याच विरोधात बोलणार आहे. आमच्या घरी कोणी बीफ खात नाही. माझ्या सासूबाई इथे येतात तेव्हा त्या तर शुद्ध शाकाहारी. डायनरमध्ये त्यांच्या वाट्याला दर वेळी ग्रिल्ड चीज आणि फ्रेंच फ्राइज. तुमच्या ठरलेल्या पाचात आम्ही कुठे बसतो?

आमच्या गावात एका ठिकाणी बीफच्या जागी टेंपे घालून रूबेन करतात. सोयाबीन आंबवून केलेली वडी, तीच मिठाच्या मसालेदार पाण्यात मुरवलेली. बाकी सगळं तसंच: राय, स्विस, सॉवरक्राउट, रशियन. सासूबाईंनी ते खाल्लं आणि कोबीला म्हणाल्या, हा तर आपल्या मुरलेल्या लोणच्याचा भाऊ. तीस वर्षं अमेरिकेत येऊन-जाऊन पहिल्यांदा त्यांना इथलं काहीतरी मनापासून आवडलं.

हडसनकाठ, तुम्हीच लिहिलंय की प्रत्येक घटक काहीतरी काम करतो. खारट, चरबीदार, आंबट, झणझणीत, कुरकुरीत. ती कामं दुसऱ्या कोणी नीट केली तर नाव का द्यायचं नाही? मी रूबेन हे नाव त्या चवींच्या जोडणीचं मानते, मांसाचं नाही. आणि वेगळं नाव दिलं की काय होतं तेही सांगते. ते मेन्यूच्या शेवटच्या पानावर जातं, 'इतर' खाली. माझ्या सासूबाईंना 'इतर'मध्ये बसवायचं नाहीये मला.

बाळूकाका

शिकत असताना मी दोन वर्षं मिशिगनमध्ये एका डेलीच्या मागच्या स्वयंपाकघरात काम केलंय. तुम्ही सगळे यादीवर भांडताय. हडसनकाठ यांच्या लेखात मला खटकला तो एकच शब्द, आणि त्यावर कोणी बोललंच नाही: टर्कीचे *गार* काप.

खरी चूक तिथे झाली. मांस गार असेल तर चीज फक्त ब्रेडच्या बाजूने वितळतं, आत तसंच राहतं. मग ब्रेड करपेपर्यंत तव्यावर ठेवावं लागतं. आमच्याकडे मांसाचा अख्खा तुकडा वाफेवर ठेवलेला असायचा आणि ऑर्डर आल्यावरच कापायचे, तेही धाग्यांना आडवं. धाग्यांच्या दिशेने कापलेलं उत्तम ब्रिस्केट दोरीसारखं लागतं.

दुसरं, कोबी. सॉवरक्राउट बरणीतून थेट ब्रेडवर टाकणारे लोक मी पाहिलेत. ते मुठीत घट्ट पिळायचं, मग कोरड्या तव्यावर एक मिनिट परतायचं. गरम होतं आणि उरलंसुरलं पाणी उडतं. चीज दोन्ही स्लाइसना लावायचं, ड्रेसिंग मधे, मांसाला लागून. आधी चीज वितळू द्यायचं, मग आच थोडी वाढवून ब्रेडला रंग आणायचा. उलट केलं की फसलंच.

हे सगळं नीट करणाऱ्याने टेंपे घातलं तरी मी त्याला रूबेन म्हणेन. आणि पाचही घटक मोजून घालून गार, ओलं सँडविच देणाऱ्याला नाही म्हणणार.

नियमावली

सरकारी बाजू थोडक्यात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या लेबलांच्या नियमांत बंद सँडविचसाठी किमान ३५ टक्के शिजवलेलं मांस आणि जास्तीत जास्त ५० टक्के ब्रेड अशी अट आहे. कोबी आणि ड्रेसिंगबद्दल चकार शब्द नाही.

ऐसपैस

नियमावली, ती अट पाकीटबंद मालासाठी. डायनरच्या तव्याला लागू नाही.

केतकी, तुमच्या सासूबाईंबद्दलचं वाचून बरं वाटलं. तरीही नावाबद्दल मी हडसनकाठ यांच्या बाजूने. मात्र कोलस्लॉवर इतकं तुटून पडू नका, हे मीच आता पास्त्रामीच्या बाजूने सांगतो. लॉस एंजेलिसच्या लँगर्समध्ये, १९४७ पासूनचं दुकान आहे, १९ नंबरचं सँडविच खाऊन बघा. पास्त्रामी, स्विस, रशियन ड्रेसिंग आणि कोलस्लॉ. मी तिथे मोहरीवालंच मागवायचं ठरवून गेलो होतो. मित्राने आग्रह केला म्हणून १९ नंबर घेतलं, आणि तिथला कोलस्लॉ ओला नव्हता, गोडही बेताचा होता. ब्रेड ते पुन्हा भट्टीत घालून गरम करतात, त्यामुळे कडा कुरकुरीत आणि आत मऊ. मांसाबरोबर चीज नको हे माझं मत तिथेही बदललं नाही, पण कोलस्लॉ वाईट असतोच असं मी पुन्हा म्हणणार नाही.

शुभदा ओमाहाकर

आणि त्याला त्यांनी नाव न देता नंबर दिला. भांडणच नाही.

हडसनकाठ

केतकी, तुमचा प्रतिसाद काल रात्री दोनदा वाचला. 'इतर'चा मुद्दा माझ्या डोक्यात कधीच आला नव्हता. मी बीफ खातो, त्यामुळे मला तो मेन्यू शेवटच्या पानापर्यंत कधी वाचावाच लागला नाही. टेंपे रूबेन असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर माझी हरकत नाही. खाणाऱ्याला काय येणार ते कळतं आणि नावही राहतं. नुसतं 'क्लासिक रूबेन' लिहून टर्की देणं मात्र मला अजूनही चुकीचंच वाटतं. आणि राय ब्रेड व आंबट कोबी या दोन गोष्टींवर मी हलणार नाही, तुमच्या टेंपेवाल्यानेही त्या सोडलेल्या नाहीत.

बाळूकाका, मुलगी पुढच्या आठवड्यात घरी येतेय. कच्चं कॉर्न्ड बीफ, साडेतीन पौंडांचा तुकडा, आणून ठेवलाय. किती वेळ शिजवू?

बाळूकाका

आधी थंड पाण्याखाली धुवा, वरचं मीठ जाऊ दे. मोठ्या पातेल्यात बुडेल एवढं पाणी, तमालपत्र, मिरी. उकळी आली की आच इतकी कमी करा की वर फक्त एखाद-दुसरा बुडबुडा यावा. साधारण तीन तास. घड्याळापेक्षा काट्यावर विश्वास ठेवा: तो सहज आत जाऊन सहज बाहेर आला पाहिजे. मग वीस मिनिटं तसंच झाकून ठेवा, लगेच कापू नका.

मुलीला कोबी पिळायला बसवा.

केतकी_प्रिन्स्टन

त्याच मसाल्याच्या पाण्यात टेंपे मुरवायचं असेल तर बीफ घालण्याआधी वाटीभर बाजूला काढून ठेवा हं, हडसनकाठ. सासूबाई याच महिन्यात येताहेत, आम्हीही येऊ.