सीएनसी लेथ: प्रोग्राम चॅटबॉटला विचारून शिकायचा की मशीनपाशी उभं राहून?

सिंगलब्लॉक:
सीएनसी लेथवर (प्रोग्रामवर चालणारं, धातूचा तुकडा म्हणजे जॉब फिरवून कापणारं मशीन) शिकणारी दोन मुलं माझ्या हाताखाली आहेत. हुशार आहेत, पण ड्रॉइंग हातात पडलं की आधी मोबाईल निघतो. परवा एकाने चॅटबॉटकडून साध्या स्टेप टर्निंगचा (पायरीपायरीने व्यास कमी करायचा) प्रोग्राम आणला. मधेच एका ओळीत जी ९० (मशीनला हुकूम देणारा जी कोड), खाली एक्स ४४ झेड उणे ३० (एक्स म्हणजे व्यास, झेड म्हणजे लांबीची दिशा). जी ९० कशाला, विचारलं. म्हणाला, ‘अ‍ॅब्सोल्यूट’. म्हणजे सगळी मापं एकाच शून्यापासून. मिलिंगवर बरोबर आहे. आमच्या लेथच्या फॅनक कंट्रोलवर (मशीन चालवणारा संगणक) मात्र जी ९० म्हणजे टर्निंग सायकल, कापून परत येण्याची पूर्ण फेरी.

जॉब न लावता, रॅपिड (न कापता सरकण्याचा वेग) कमी करून चालवायला लावलं. त्या एका ओळीत टूल झपकन आत गेलं, कापत असल्यासारखं सरकलं, बाहेर आलं आणि निघालं होतं तिथे परत. पोराचा चेहरा बघण्यासारखा होता.

माझं मत विचाराल तर पहिले सहा महिने प्रोग्राम कागदावर, पेन्सिलीने. कुठल्याही ओळीवर बोट ठेवलं की या क्षणी टूल कुठे उभं आहे ते सांगता आलं पाहिजे.

रात्रपाळी:
यात चॅटबॉटचं काय चुकलं? कंट्रोल कुठला ते त्याला सांगितलं होतं का? फॅनकमध्येच जी कोडच्या ए, बी, सी अशा सिस्टीम असतात. बी लावलेली असती तर जी ९० अ‍ॅब्सोल्यूटच, आणि टर्निंग सायकल जी ७७. तुमच्या पोराचं उत्तर बरोबर ठरलं असतं.

आणि कागद-पेन्सिलीचं कौतुक करताना शिकवतं कोण तेही सांगा. मी चार वर्षं ऑपरेटर होतो. सेटर (मशीन जुळवून देणारा) ऑफसेट (टूलच्या जागेची मापं) टाकताना स्क्रीन अडवून उभा राहायचा. विचारलं की ‘बघून शीक’. बघूच देत नव्हता! आटे पाडायच्या जी ७६ च्या पहिल्या ओळीतलं पी ०२१०६० दोन-दोन आकडे सुटे करून वाचायचं असतं, हे मला चॅटबॉटनेच सांगितलं. फिनिशिंगचे २ पास, शेवटी टूल बाहेर काढताना एका लीडएवढा (एका फेरीत आटा जितका पुढे सरकतो तितका) उतार, आटा ६० अंशांचा. तिसऱ्यांदा विचारलं तरी वैतागला नाही.

मायक्रॉन:
आकडे सांगेल हो, कान कुठून आणणार? लांब, बारीक जॉबवर टूल किंचाळायला लागलं की आरपीएम उतरवायचा, फीड (कापताना टूल सरकण्याचा वेग) वाढवायचा की मुकाट टेलस्टॉक (जॉबच्या मोकळ्या टोकाला आधार) लावायचा, हे जॉबवरच्या खुणा बघून ठरतं.

दशांशाच्या पॉइंटचंही तेच. बऱ्याच फॅनकवर एक्स ५० लिहून पॉइंट विसरलात तर ते ५० मायक्रॉन होतात, म्हणजे ०.०५ मिमी. टूल थेट सेंटरकडे निघतं. मी केलंय हे एकदा. तेव्हापासून आकड्यापुढे पॉइंट दिसला नाही की हात आपोआप टूल थांबवणाऱ्या फीड होल्ड बटणावर जातो.

रात्रपाळी:
म्हणजे ही चूक तुम्ही स्वतःच्या हाताने प्रोग्राम लिहून केलीत. तेव्हा चॅटबॉट होता का?

मायक्रॉन:
नव्हता. इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) गेला, बोलणी खाल्ली.

ग्राफपेपर:
मी अजून शिकतेय. प्रोग्राम आधी स्वतः लिहिते आणि मग चॅटबॉटला चुका काढायला सांगते. फेसिंगला (जॉबचं तोंड सपाट करायला) मी जी ९६ एस १५० (कापण्याचा वेग कायम मिनिटाला १५० मीटर) दिलं होतं, जी ५० ने कमाल आरपीएम बांधला नव्हता. त्याने बरोबर पकडलं. मग हिशोब करून बघितला: ५० मिमी व्यासावर ९५५ आरपीएम, १० मिमीवर ४७७५, आणि सेंटरकडे जाताना तो आकडा चढतच जातो. जॉब पकडणारं चक तेवढं फिरवायचं नव्हतं मला!

पण त्याच उत्तरात झेड उणे ४५ पर्यंत जा म्हणाला. माझा जॉब चकच्या बाहेर ४० मिमीच होता. टूल चकच्या जॉवर (जबड्यावर) आदळलं असतं. अर्थात जॉब किती बाहेर आहे ते मी सांगितलंच नव्हतं.

सिंगलब्लॉक:
हेच तर म्हणतोय मी. काय सांगायला हवं हे कळायलाच आधी जॉब चकमध्ये बांधून, स्केल लावून मोजलेला असावा लागतो. स्क्रीनवरच्या सिम्युलेशनमध्येही जॉ दाखवलेले नसतील तर टूल त्यांतून बिनधास्त आरपार जातं, अलार्म येत नाही.

स्क्रीन अडवणारे सेटर मीही पाहिलेत. रात्रपाळी, त्याबाबत तुमचा राग रास्त आहे. माझ्याकडची पोरं ऑफसेट स्वतः घेतात, तेवढं तरी मी पाळलंय. आणि ग्राफपेपरची रीत त्यांना लावून बघतो. आधी लिहायचं, मग विचारायचं. सहाऐवजी तीन महिने.

रात्रपाळी:
सहाचे तीन झाले, चला! पण रात्री दोनला थ्रेडिंग अडलं आणि सेटर घरी झोपलेला असला तर मी विचारणारच. सायकल स्टार्ट दाबायच्या आधी सिंगल ब्लॉक (एकेक ओळ चालवून थांबणं) लावेन. मग तर झालं?

सिंगलब्लॉक:
आणि रॅपिड २५ टक्क्यांवर.