शेवटचा ड्रॉप

‘कंपनी गाडी देते, मग बायकांना भीती कसली?’ असं रात्रपाळीबद्दल एकांनी विचारलंय. गाडी म्हणजे उपकार नव्हे हो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री ९.३० ते सकाळी ७ बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि दारापर्यंत सोडावंही लागतं.

पण गाडीत आपण पुरुषही असतो ना! आमच्या हिंजवडीच्या कॅबमध्ये शेवटचा ड्रॉप बाईचा नको, म्हणजे ती ड्रायव्हरसोबत एकटी उरायला नको, असा नियम. माझं घर वाटेत औंधला, सोबतच्या सहकारी बाईंचं पार हडपसरला. एकदा रात्री दीडला मीच कुरकुरलो, ‘मला आधी सोडा की.’ ती काहीच बोलली नाही. मोबाइल काढून घरी लोकेशन पाठवलं, पर्स मांडीवर ओढून घेतली. मला दरदरून घाम फुटला. तेव्हापासून गपगुमान हडपसर करून येतो. झोप जाते, जाऊ दे.