आयलेट पेशींचा दाह आधी शमवा, मग त्या रुग्णाला द्या

मृण्मयी (धागाकर्ती):
टाइप-1 मधुमेहात दात्याच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन बनवणाऱ्या आयलेट पेशी वेगळ्या काढून यकृताच्या पोर्टल शिरेत सोडतात. 2000 साली कॅनडातल्या एडमंटनमध्ये जेम्स शॅपिरो यांच्या चमूने सात रुग्णांचं इन्सुलिन असं बंद करून दाखवलं. पण सातही जणांना दोन किंवा अधिक दात्यांच्या पेशी लागल्या, कारण बऱ्याचशा पेशी पहिल्या काही दिवसांतच मरतात. दात्याचा मेंदू मृत होतो तेव्हाच दाह सुरू होतो. पुढे बर्फातला प्रवास, पेशी सुट्या करण्यासाठी कोलॅजिनेज विकराचा मारा, तुटलेला रक्तपुरवठा. इतकं सोसलेल्या पेशी अंगावर टिश्यू फॅक्टर (रक्त गोठवणारं प्रथिन) घेऊन रक्तात उतरतात आणि त्यांच्याभोवती लगेच गुठळी धरते. देण्याआधी त्या बहुधा एक-दोन दिवस प्रयोगशाळेत पोषक द्रवात (संवर्धनात) असतातच. माझं ठाम मत आहे की संशोधनाचा पैसा आधी या दोन दिवसांत पेशींचा दाह शमवण्यावर लावावा.

अनिकेत_प:
साफ असहमत. दाह रोखणारं रेपारिक्सिन हे औषध छोट्या चाचणीत आशादायक वाटलं, तिसऱ्या टप्प्यात मात्र फरक दिसला नाही. एडमंटनच्या पुढच्या मोठ्या रुग्णगटातही पाच वर्षांनी इन्सुलिनशिवाय राहिलेले जेमतेम 10 टक्के. तुमचे दोन दिवस तिथे काय करणार? मूलपेशींपासून बनवलेल्या आयलेट पेशींचं झिमिसलसेल बघा. 2025 च्या निकालात पूर्ण मात्रा मिळालेल्या 12 पैकी 10 जणांना वर्षभराने इन्सुलिन लागत नव्हतं. दात्याची वाट बघणंच संपलं.

मृण्मयी:
रेपारिक्सिन रुग्णाच्या शिरेतून दिलं होतं, मी पेशींवरच्या उपचाराबद्दल बोलतेय. स्वीडनमधल्या उप्सालाच्या संशोधकांनी 2003 मध्ये दाखवलं की संवर्धनाच्या द्रवात निकोटिनामाइड घातलं की मानवी आयलेटवरचा टिश्यू फॅक्टर कमी होतो. साधं, स्वस्त जीवनसत्त्व! आणि झिमिसलसेलही पोर्टल शिरेतच सोडतात. पेशी कारखान्यातून आल्या म्हणून रक्त त्यांना वेगळी वागणूक देईल का?

शर्वरी:
मृण्मयीताईंना पाठिंबा. जुनाट पॅन्क्रियाटायटिसमध्ये (स्वादुपिंडाच्या दाहात) संपूर्ण स्वादुपिंड काढून रुग्णाच्याच आयलेट त्याला परत देतात. अमेरिकेतल्या मिनेसोटात 1977 पासून हे चाललंय. पेशी स्वतःच्याच, तेव्हा परकं म्हणून नाकारण्याचा प्रश्नच नाही. तरी अनेकांना पुढे इन्सुलिन लागतंच. म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं हा अर्धाच इलाज झाला. माझ्या भाच्याला साखर उतरल्याची चाहूल लागत नाही, झोपेतच बेशुद्ध होतो. अशांना थोड्या जास्त पेशी जगल्या, इन्सुलिन पूर्ण सुटलं नाही, तरी जीव वाचतो. ‘इन्सुलिन सुटलं का?’ एवढीच कसोटी लावू नका.

अनिकेत_प:
शर्वरीताई, कसोटीचा मुद्दा मान्य. पण तुमचंच उदाहरण धाग्याच्या विरोधात जातं: तिथे पेशी बहुतेक वेळा त्याच दिवशी परत देतात, संवर्धनाला वेळच नसतो. शिवाय संवर्धनातही काही पेशी गळतात, ती गळती धरा. रक्ताशी गाठच नको असेल तर जागा बदला. उप्सालात जनुकं बदललेल्या आयलेट एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत टोचल्या, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं न देता, आणि त्या टिकल्या.

मृण्मयी:
टिकल्या, आणि त्याचा मला आनंदच आहे. पण मात्रा लहान होती, त्या रुग्णाचं इन्सुलिन चालूच राहिलं. स्नायूतही सुरुवातीला रक्तवाहिन्या नसतात, प्राणवायू कमी पडतो. ते दिवस तगायला पेशी आधीच दाहाने खचलेल्या नकोत. जागा जरूर बदला. पण गळतीच्या भीतीने संवर्धनावरचं काम सोडून देऊ नका.