ओतीव शिशाची गोळी की तांब्याच्या आवरणाची?

साखर पेठ (धागाकर्ता) :
माझे मेहुणे टेक्सासमध्ये राहतात आणि तेथील कायद्यानुसार आपल्या .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हरची काडतुसे घरीच पुन्हा भरतात. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस तयार करणे हा शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा आहे; त्यामुळे येथे विषय केवळ गोळीच्या धातूचा आहे. गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो असता त्यांचे मित्र ठासून सांगत होते की, ओतीव शिसे, म्हणजे शिसे वितळवून साच्यात ओतलेली गोळी, ही निव्वळ काटकसर असून खरी गोळी शिशावर तांब्याचे आवरण चढवलेलीच. हे मत मला अजिबात मान्य नाही.

माझ्या वडिलांचा साखर पेठेत छापखाना होता. त्यांचे काही खिळे, म्हणजे छपाईच्या अक्षरांचे धातूचे ठसे, अजून माझ्या टेबलावर आहेत. शुद्ध शिशावर नखाने ओरखडा उठतो, या खिळ्यांवर उठत नाही, कारण त्यांत अँटिमनी हा ठिसूळ धातू आणि कथील मिसळलेले असते. अक्षरांची अख्खी ओळ ओतणाऱ्या लायनोटाइप यंत्राच्या धातूत तर सुमारे ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असे. गोळी ओतणारेही हेच करतात : अँटिमनीने कठीणपणा येतो आणि कथिलामुळे रस साच्याच्या कोपऱ्यापर्यंत नीट भरतो.

नळीत शिसे चिकटते, हा मुख्य आक्षेप. परंतु त्याचे कारण बहुतेक वेळा गोळीचा मऊपणा नसून तिचे माप असते. नळीच्या आतील पीळदार खाचांचा व्यास ०.३५७ इंच असेल, तर ओतीव गोळी ०.३५८ इंचाची लागते. ती सैल राहिली, तर तापलेला वायू तिच्या कडेने पुढे निसटतो आणि वाटेत शिसे वितळवून नळीच्या भिंतीवर बसवतो. गोळी गरजेपेक्षा कठीण केली, तर मंद वेगाच्या काडतुसातील दाबाने ती फुगत नाही, फट तशीच राहते आणि शिसे अधिकच बसते. ‘जितकी कठीण तितकी चांगली’ हा समज म्हणूनच घातक आहे. कागदी लक्ष्यावरील संथ नेमबाजीसाठी योग्य मापाच्या शिशाला तोड नाही.

होटगी रस्ता :
आपले विवेचन रिव्हॉल्व्हरपुरते बरोबर आहे, पण आपण त्यावरून सर्वच हातशस्त्रांचा निवाडा करत आहात. मी अनेक वर्षे शस्त्रदुरुस्तीचे काम केले आहे. मॅगझिनमधून गोळी घेणाऱ्या ९ मिमी पिस्तुलात काडतूस उतारावर घासत वर चढते. तेथे मऊ टोक अडते किंवा दबते, आवरणाचे गोल टोक मात्र सहसा अडखळत नाही. शिवाय ग्लॉकसारख्या काही पिस्तुलांच्या नळीला नेहमीच्या तीक्ष्ण खाचा नसून बहुकोनी आकार असतो, आणि त्यांत उघड्या शिशाची गोळी वापरू नये असे उत्पादकच बजावतात, कारण साठलेल्या शिशाने दाब वाढत जातो. प्रत्येक नळीचे माप घेऊन त्याप्रमाणे गोळी ओतणारे किती जण असतात? नियम सर्वसाधारण माणसासाठी करायचा, तर तो आवरणाच्याच बाजूने करावा लागेल.

विजापूर रस्ता :
स्पर्धेच्या नेमबाजीत हा प्रश्न निकालात निघालेला आहे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांप्रमाणे २५ मीटर पिस्तूल प्रकारांत शिशाची किंवा तशाच मऊ पदार्थाचीच गोळी चालते. आवरणाची चालत नाही.

जुळे सोलापूर :
मी रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून दोन्ही बाजूंनी सोडून दिलेली गोष्ट लिहिते. शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि लोक वाफेलाच घाबरतात. परंतु वितळलेल्या शिशावरची मळी काढताना उडणारी बारीक पूड हातांवरून आणि कपड्यांवरून घरात येते, ती अधिक त्रासदायक आहे. आवरणवाल्यांनीही निर्धास्त राहू नये : पूर्ण आवरणाच्या बऱ्याच गोळ्यांचा मागचा भाग उघडा असतो आणि काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या नेहमीच्या टोपीतील स्फोटकातही शिशाचे संयुग असते. तरीही घरी रस ओतणे आणि तयार गोळी विकत घेणे यांत फरक आहेच, आणि ज्या घरात लहान मूल आहे, तेथे माझे मत आवरणाच्या बाजूने आहे.

साखर पेठ (धागाकर्ता) :
होटगी रस्त्यावरील सरांचा पिस्तुलाचा मुद्दा मी मान्य करतो; माझे विधान रिव्हॉल्व्हर आणि संथ वेगापुरतेच ठेवतो, पण तेवढे ठामपणे ठेवतो. ताईंच्या प्रतिसादाने मात्र मला अस्वस्थ केले. मेहुण्यांची शिसे वितळवण्याची शेगडी गॅरेजमध्ये आहे आणि तिच्यापासून दोन हातांवर माझ्या सहा वर्षांच्या भाच्याची सायकल उभी असते. खिळे हाताळून झाल्यावर वडील साबणाने हात धुतल्याशिवाय आम्हाला जवळ घेत नसत, हेही आता आठवले. आज सकाळीच मी मेहुण्यांना फोन करून शेगडी तेथून हलवायला आणि मुलाच्या रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यायला सांगितले आहे.